एकाला शंभरचा नाद

वीस-बावीस घोडे, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं ओझं, आणि त्यात कोपऱ्यातला एक ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. त्याला शोधायचा कसा? आणि सापडला तरी शेवटी खिशात काय पडतं?

कोल्हापुरात रेसकोर्स नाका आहे, रेस नाही. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगा, तो बिनचूक आणून सोडतो. पण तिथं उतरून तिकीट खिडकी शोधायला लागलात तर लोक तुमच्याकडे बघतील. आपल्या राज्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या रेस होतात त्या दोनच ठिकाणी. पुण्यात पावसाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत आणि मग मुंबईत उन्हाळा चढेपर्यंत. गंमत बघा, आपल्या स्टेशनावरून रात्री जी गाडी सुटते तिचं नाव महालक्ष्मी एक्स्प्रेस, आणि मुंबईतलं रेसकोर्सही महालक्ष्मीलाच. (अंबाबाई म्हणायचं की महालक्ष्मी, हा वाद इथं नको. त्यासाठी वेगळा अंक काढावा लागेल.) शनिवारी रात्री गाडीत बसलेला माणूस रविवारी सकाळी दादरला उतरतो, लोकल बदलतो आणि नाश्ता करून आरामात पोचतो.

तर मंडळी, नाद आपल्याला नवा नाही. खासबागेत कोण कुणाला चितपट करणार यावर घसा बसेपर्यंत भांडणारं हे गाव. फुटबॉलच्या मॅचला पेठाच्या पेठा रस्त्यावर उतरतात. बैलगाडी शर्यत म्हटलं की एमआयडीसीतला शिफ्ट इन्चार्जसुद्धा हाफ डे टाकतो. पण घोड्यांच्या रेसमध्ये एक भानगड अशी आहे जी यातल्या कशातच नाही. तिचं नाव हँडिकॅप. आणि हँडिकॅप रेसमध्ये फील्ड मोठी असली, म्हणजे चौदा, सोळा, वीस, चोवीस घोडे, की जो प्रकार सुरू होतो त्याला तोड नाही.

मेलबर्नमधला मंगळवार

३ नोव्हेंबर २०१५. मेलबर्न कप. अंतर ३२०० मीटर, घोडे चोवीस. ऑस्ट्रेलियात या रेससाठी अख्ख्या मेलबर्नला सुट्टी असते. सगळ्यांचे डोळे जपानहून आलेल्या फेम गेमवर. यादीत खाली कुठंतरी प्रिन्स ऑफ पेन्झन्स नावाचा घोडा, भाव एकाला शंभर. म्हणजे एक डॉलर लावला तर शंभर मिळणार, वर आपला एक परत. जॉकी मिशेल पेन, घरातल्या दहा भावंडांत सगळ्यात धाकटी. या रेसच्या दीडशे वर्षांहून जुन्या इतिहासात तोवर एकही बाई जिंकलेली नव्हती.

फेम गेम तेरावा आला. प्रिन्स ऑफ पेन्झन्स पहिला.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरांनी ‘चमत्कार’ म्हणून छापलं. पुढे २०१९ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. सिनेमा बघायला हरकत नाही, पण आपल्या विषयासाठी वेगळाच प्रश्न महत्त्वाचा आहे. रेसच्या आदल्या रात्री कुणी शांतपणे कागद घेऊन बसला असता तर या घोड्यात त्याला काही दिसलं असतं का?

दिसलं असतं, बॉस! घोडा २०१४ मध्ये मूनी व्हॅली कप जिंकलेला होता. मधे दुखापती आणि शस्त्रक्रिया झाल्या आणि लोक त्याला विसरले. २०१५ मध्ये मेलबर्न कपच्या अगदी तोंडावर त्याच मूनी व्हॅलीच्या रेसमध्ये तो दुसरा आला. म्हणजे गाडी रुळावर आली होती. पाठीवरचं ओझं फक्त ५३ किलो. आणि सुटायची जागा एक नंबर, रेलिंगला अगदी चिकटून, म्हणजे फेरा सगळ्यात छोटा. ती जागा सोडतीत काढली होती मिशेलच्या सख्ख्या भावानं, स्टीव्हीनं, जो याच घोड्याची देखभाल करत होता. एवढ्यावरून ‘हा जिंकणारच’ असं कुणी म्हणू शकला नसता. पण ‘एकाला शंभर हा भाव जरा जास्तच आहे’ एवढं नक्की म्हणता आलं असतं.

लांबच्या भावाचा घोडा निवडणं म्हणजे एवढंच. जिंकणारा घोडा ओळखायचा नाही, चुकलेला भाव ओळखायचा.

आता उलटं उदाहरण

इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल. ही पण हँडिकॅपच, पण चार मैलांहून लांब आणि मधे तीस उड्या. १९६७ साली ४४ घोडे पळाले. तेविसाव्या उडीपाशी, जॉकी पाठीवर नसलेला एक मोकाट घोडा आडवा आला आणि मागून येणारे एकावर एक आदळले. काही अडले, काही पडले, काही जॉकी घोड्याविना रस्त्यात उभे. या सगळ्यांच्या बऱ्याच मागं रखडत येणारा फॉइनाव्हॉन नावाचा घोडा होता, भाव एकाला शंभर. त्याच्या जॉकीला, जॉन बकिंगहॅमला, गोंधळ आधीच दिसला. एका बाजूला फट होती, तिथून त्यानं घोडा काढला आणि जिंकला. मालक रेसला आलेलाच नव्हता. सरकारी टोटवर भाव एकाला ४४४ निघाला. १९८४ पासून ती उडी फॉइनाव्हॉनच्याच नावानं ओळखली जाते.

हा घोडा आदल्या रात्री कुठल्याही कागदावर सापडला नसता. ज्यांनी लावला होता त्यांनी नाव आवडलं म्हणून, बायकोचा वाढदिवस आहे म्हणून, असल्याच कारणांनी लावला असणार.

गोची अशी की तिकीट दाखवायला आलेल्या दोन माणसांत, पेन्झन्सवाल्यात आणि फॉइनाव्हॉनवाल्यात, कुणालाच फरक करता येत नाही. दोघंही सेम टु सेम नाचत असतात. म्हणून जिंकलेल्याच्या गोष्टी ऐकून काहीच शिकायला मिळत नाही. ग्रँड नॅशनल १८३९ पासून धरली जाते, आणि एकाला शंभरवाले त्यात पाच वेळा जिंकले: १९२८, १९२९, १९४७, १९६७ आणि २००९. ऐकायला भारी वाटतं. पण १९२९ मध्ये ग्रेगलॅक जिंकला तेव्हा मैदानात ६६ घोडे होते. १९४७ ला ५७. २००९ ला मॉन मोम जिंकला तेव्हा चाळीस. एवढ्या वर्षांत या भावाचे कितीतरी घोडे पळाले आणि मागेच राहिले. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, कारण त्यात गोष्ट नसतेच. (मॉन मोमही अगदी आकाशातून पडलेला नव्हता. आदल्या वर्षी याच रेसमध्ये तो दहावा आला होता. म्हणजे एवढं अंतर आणि एवढ्या उड्या त्याला झेपतात, हे कागदावर होतं.)

पाठीवरचं शिसं

हँडिकॅप म्हणजे नक्की काय? आपल्याकडं कुस्तीत तोडीस तोड जोड लावतात. बैलांच्या शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून, म्हणजे वयावरून गट पाडतात. विषम मंडळी एकत्र पळूच द्यायची नाहीत, हा आपला फंडा. हँडिकॅपचा फंडा बरोबर उलटा आहे. चांगला, बरा, सुमार, सगळे एकत्र पळवायचे, पण चांगल्याच्या पाठीवर जास्त वजन टाकायचं. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या लावायच्या. रेसच्या आधी काट्यावर वजन, रेसनंतर पुन्हा काट्यावर वजन.

हा शब्दच मुळी एका जुन्या इंग्रजी खेळातून आलाय. दोघांनी वस्तूंची अदलाबदल करायची, तिसऱ्यानं फरक किती ते ठरवायचं, आणि टोपीत हात घालून सौदा मान्य की अमान्य ते दाखवायचं. टोपीतला हात, म्हणजे ‘हँड इन कॅप’. घोड्यांत हे शास्त्रावर नेलं ते अ‍ॅडमिरल रूस नावाच्या निवृत्त नौदल अधिकाऱ्यानं. १८५५ पासून इंग्लंडमधल्या घोड्यांना वजन वाटायचं काम त्याच्याकडं होतं, आणि कोणत्या वयाच्या घोड्यानं कोणत्या महिन्यात किती वजन घ्यावं याचा त्यानं बांधलेला तक्ता हाच पुढच्या सगळ्या तक्त्यांचा पाया ठरला.

आपल्याकडं प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि रेटिंगवरून क्लास. क्लास फोर म्हणजे साधारण २० ते ४६ रेटिंगचे घोडे. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. म्हणजे ४६ वाल्याच्या पाठीवर ६२ किलो असतील तर २० वाल्याच्या पाठीवर ४९. तेरा किलोचा फरक! घरातला भरलेला गॅस सिलिंडर यापेक्षा फक्त दुपटीनं-सव्वादोनपटीनं जड असतो, हे लक्षात घ्या म्हणजे अंदाज येईल. घोडा जिंकला की हँडिकॅपर त्याचं रेटिंग चढवतो, हरत राहिला की उतरवतो. ऑफिसातल्या अप्रेझलसारखंच, फक्त इथं चांगलं काम केलं की पगाराऐवजी ओझं वाढतं. (तुमच्याही ऑफिसात तसंच होत असेल तर आमची सहानुभूती.)

हँडिकॅपरचं स्वप्न असतं की सगळे घोडे एका रेषेत येऊन संपावेत. तसं कधी होत नाही, पण तो जितकं नीट काम करतो तितकी फील्ड जवळ येते, फेवरिटची शक्यता खाली येते आणि मागच्यांची वर. म्हणूनच लांबचा भाव शोधायचा तर डर्बीत नाही, हँडिकॅपमध्ये. डर्बीत ओझं बरोबरीचं असतं, तिथं सहसा चांगला घोडा चांगलाच ठरतो.

हँडिकॅपरला काय दिसत नाही

हँडिकॅपर हुशार असतो, पण तो मागचं बघून वजन देतो. पुढं काय बदलणार ते त्याच्या आकड्यात नसतं. जागा आहे ती इथंच.

एक काल्पनिक घोडा घेऊ. नाव नको, १४ नंबर म्हणू. दोन सीझनपूर्वी याचं रेटिंग होतं ५८, म्हणजे वरच्या क्लासमध्ये पळायचा, तिथं तिसरा-चौथा यायचा. मग गाडी घसरली. गेल्या सहा रेसमध्ये नववा, अकरावा, आठवा, बारावा, दहावा, सातवा. रेटिंग आलं ३१ वर. आज तो क्लास फोरमध्ये आहे. टॉपवाल्यावर ६२ किलो धरलं तर याच्यावर साडेचौपन्न. पब्लिकला काय दिसतं? नुसते ९, ११, ८, १२, १०, ७. भाव लागतो एकाला पंचवीस.

आता कागद जरा खालून वर वाचा. त्या सहापैकी चार रेस हजार मीटरच्या होत्या, आणि हा जिंकायचा तेव्हा चौदाशे-सोळाशेला जिंकायचा. आज सोळाशे आहे. दोन रेस मुंबईच्या कडक मैदानावर झाल्या, आणि आज पुण्यात रात्रभर पाऊस पडलाय. शेवटच्या रेसमध्ये सातवा आला खरा, पण पहिल्यापासून फक्त चार लांबी मागं, आणि शेवटच्या दोनशे मीटरला चार घोडे ओलांडून. म्हणजे सुधारतोय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चांगल्या दिवसांत हा ५८ चा घोडा होता. त्यातलं अर्धं जरी आज परत आलं तरी ३१ च्या ओझ्यावर तो फुकटात पळतोय.

इथं ‘पण’ येतोच. घोडा घसरला कशामुळं? वय? जुनं दुखणं? कंटाळा? (घोडेही कंटाळतात, हसू नका.) सात-आठ वर्षांचा घोडा रेटिंगनं उतरला तर तो बहुतेक खरंच उतरलेला असतो. चार-पाच वर्षांचा असेल आणि मधे लांब सुट्टी घेऊन आला असेल, तर प्रकरण वेगळं. नव्वद टक्के उतरलेले घोडे हे उतरलेलेच घोडे असतात, हे आमचं मत. सगळा खेळ उरलेल्या दहातला आहे.

वजनाचा परिणाम किती? इंग्लंडात जुना ठोकताळा असा की पाच फर्लांगांच्या छोट्या रेसमध्ये एक लांबी म्हणजे साधारण तीन पौंड, आणि दीड मैलाच्या आसपास दीडेक पौंड. म्हणजे अंतर वाढलं की तेवढंच ओझं जास्त लांबी खातं. लांबच्या रेसमध्ये हलक्या घोड्याकडं जरा आदरानं बघा. वर शिकाऊ जॉकी असेल तर त्याला वजनात सूट मिळते. आपल्या १४ नंबरवर तीन किलोची सूट असलेला पोरगा बसला तर साडेचौपन्नचे साडेएक्कावन्न होतात. पण ती सूट फुकट नसते. गर्दीतून घोडा काढायचा अनुभव कमी म्हणूनच ती मिळते, आणि मोठ्या फील्डमध्ये नेमका तोच अनुभव लागतो.

गर्दी हा मोठ्या फील्डमधला वेगळाच विषय. सोळा घोडे एका वळणावर घुसतात तेव्हा ते संध्याकाळी सहाच्या ताराराणी चौकासारखं असतं. आतल्या बाजूला अडकलात तर इंजिन कितीही पॉवरफुल असो, पुढची गाडी हलेपर्यंत तुम्ही हलत नाही. बाहेरून गेलात तर फेरा वाढतो. म्हणून सुटायची जागा बघायची, आणि त्याहून जास्त, पुढं पळणारे किती आहेत ते मोजायचं. सहा जणांना पहिल्यापासून पुढं राहायचं असेल तर ते एकमेकांनाच संपवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. पुढं पळणारा एकच असेल तर तो आरामात सुटतो, आणि बाकीचे ‘आता पकडू, मग पकडू’ म्हणेपर्यंत खांब येतो. लांबच्या भावाचे बरेच घोडे या दुसऱ्या प्रकारात जिंकतात. हे ओळखायला आतली खबर लागत नाही, मागच्या रेसचे व्हिडिओ लागतात आणि पेशन्स लागतो.

आतल्या खबरेवरून आठवलं. रेसकोर्सवर दर दहा पावलांवर एक असा माणूस भेटतो ज्याला ट्रेनरच्या ड्रायव्हरच्या मेहुण्यानं काहीतरी सांगितलेलं असतं. ‘आज घोडा सोडणार’, ‘आज बांधणार’. घोडा मुद्दाम ओढला तर स्टुअर्ड्स चौकशी लावतात, जॉकीला घरी बसवतात, आणि हे अधूनमधून घडतंही. पण खबर खरी असती तर ती तुमच्यापर्यंत येईस्तोवर भाव पंचवीसवरून आठवर आलेला असता. भाव पंचवीसच आहे, याचा अर्थ मेहुण्यावर खुद्द ड्रायव्हरचाही विश्वास नाही.

आता हिशोब

एक्सेल उघडणाऱ्या मंडळींसाठी हा भाग. एकाला पंचवीस म्हणजे २६ मध्ये एक शक्यता, ३.८५ टक्के. तुमच्या अभ्यासाप्रमाणे १४ नंबरची खरी शक्यता ५ टक्के आहे असं धरा. शंभर रुपये लावले तर जिंकल्यावर २६०० हातात, त्याचे ५ टक्के म्हणजे सरासरी १३०. शंभराचे एकशेतीस! झकास.

थांबा. एक, ५ टक्के म्हणजे वीसपैकी एकोणीस वेळा हरणं. अशा वीस तिकिटांत एकही न लागण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के. चाळीस तिकिटांत १३ टक्के. साठ कोरडी तिकिटं सलग निघायची शक्यताही साडेचार टक्क्यांच्या पुढं. तुमचं गणित शंभर टक्के बरोबर असूनसुद्धा! दर रविवारी दोन तिकिटं घेतलीत तर साठ म्हणजे अख्खा सीझन. एवढे दिवस गप्प राहून पुढचं तिकीट पुन्हा शंभराचंच काढणारा माणूस आम्ही अजून बघायचाय. प्रत्येक ऑफिसात एक जण असा असतो जो सहाव्या हरलेल्या तिकिटानंतर ‘रिकव्हरी’ काढायला बसतो. शंभराचे पाचशे होतात, पाचशेचे दोन हजार, मग ईएमआयची तारीख येते आणि तो कॅन्टीनमध्ये हळूच विचारतो, ‘भावा, पाच हजार आहेत का? एक तारखेला देतो.’ आणि भावा देतोही, कारण आपल्याकडं नाही म्हणायची पद्धत नाही.

दोन, कर. घोड्यांच्या रेसवरच्या बेटिंगला १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या रकमेवर. तो तुमच्याकडूनच वसूल होतो असं धरलं तर शंभराच्या तिकिटाला खिशातून १४० जातात आणि सरासरी येतात १३०. तुमचा तो भारी शोधलेला, भाव चुकलेला १४ नंबर एका फटक्यात तोट्यात! नुसतं सुटायलाच त्याची खरी शक्यता ५.४ टक्के लागते. तीन, जिंकलेली रक्कम दहा हजारांच्या वर गेली की ३० टक्के टीडीएस. आणि हरलेल्या तिकिटांची वजावट मिळत नाही. वर्षभरात चाळीस हजार घालवले आणि चाळीस हजार कमावले, तरी इन्कम टॅक्सच्या लेखी तुम्ही चाळीस हजार कमावलेत.

मग फेवरिटवर लावावं का? त्याचा हिशोब आणखी वाईट. एकाला दोनच्या फेवरिटची भावातली शक्यता ३३ टक्के. ४० टक्के कर भरून सुटायला ती ४७ लागते. म्हणजे सगळ्या जगानं बघितलेल्या, सगळ्यांनी चर्चा केलेल्या घोड्याबद्दल तुम्हाला एकट्याला चौदा टक्के जास्त माहिती हवी. अशक्यच. लांबच्या भावात मात्र ३.८५ चं ५.४ होणं, म्हणजे दीड टक्क्याची चूक जगाकडून होणं, हे निदान कल्पनेत तरी बसतं. त्या टोकाला कुणी नीट बघतच नसतं.

पण त्या टोकालाही एक सापळा आहे. १९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं रेसच्या भावांचा अभ्यास केला आणि त्याला दिसलं की लोक लांबच्या घोड्यांवर त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त पैसे लावतात, आणि फेवरिटवर कमी. नंतर कित्येक देशांत अनेकांनी हेच पडताळून पाहिलं. कारण समजायला सोपं आहे. शंभराचे तीनशे झाले तर जेवण होतं, शंभराचे दहा हजार झाले तर गोष्ट होते. आणि गोष्टीसाठी माणूस जास्त पैसे मोजतो. त्यामुळं डोळे मिटून लांबचा भाव लावणारा माणूस डोळे मिटून फेवरिट लावणाऱ्यापेक्षा लवकर कंगाल होतो. लांबच्या भावाचे बहुतेक घोडे महाग असतात, स्वस्त नव्हे. सोळाच्या फील्डमध्ये एकाला वीसच्या वरचे सात-आठ असतील तर त्यातला एखादा खरोखर स्वस्त निघतो. कधी एकही नाही. तेव्हा खिडकीपर्यंत न जाणं हाही एक पर्याय असतो, तो कुणी मोजत नाही एवढंच.

सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटलं, नुसत्या नशिबाचा नव्हे. मटक्याशी तुलना केली की हे पटतं. मटक्याच्या आकड्याला वंशावळ नसते, वजन नसतं, पावसाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. मात्र कौशल्याचा खेळ आहे म्हणून चौकातल्या बुकीकडं लावणं कायदेशीर होत नाही. परवाना असलेल्या रेसकोर्सवरचंच बेटिंग कायद्यात बसतं. आणि फोनवर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सना २०२५ च्या कायद्यानं बंदी आलीये, तेव्हा टेलिग्रामवर ‘शुअर शॉट’ पाठवणाऱ्या ग्रुपमधून आजच बाहेर पडा.

हे सगळं वाचूनही हात शिवशिवत असतील तर ते आम्ही समजू शकतो. कोल्हापूरच्या पाण्यातच काहीतरी आहे. पुण्याचा सीझन सुरू झाला की एखादा रविवार काढा. पहाटे हायवेला लागलात तर वाटेत साताऱ्याला चहा पिऊनही वेळेत पोचता. एम्प्रेस गार्डनच्या शेजारीच रेसकोर्स आहे. रेसबुक घ्या, पेन्सिल घ्या. पहिल्या रेसआधी घोडे गोल फिरवतात तिथं रेलिंगला टेकून उभे राहा. कुठला घामाघूम झालाय, कुठला मान टाकून चाललाय, कुणाच्या डोळ्यांना आज पहिल्यांदाच ब्लिंकर्स लावलेत, कुणाच्या पायात पोलादी नाल आणि कुणाच्या अ‍ॅल्युमिनियमचे, सगळं तिथं कळतं. मग सगळ्यात मोठ्या फील्डची हँडिकॅप शोधा, एकाला वीसच्या वरचे घोडे वेगळे काढा आणि प्रत्येकापुढं एका ओळीत लिहा की आज याच्यासाठी नक्की काय बदललंय: अंतर, मैदान, ओझं, जॉकी, की काहीच नाही. ज्याच्यापुढं ‘काहीच नाही’ आलं तो कटाप. उरलेल्यांपुढं तुमच्या मते शक्यता किती ते टक्क्यांत लिहा, भाव लागायच्या आधी. भाव दिसल्यावर लिहिलेला टक्का हा भावाचाच टक्का असतो.

असे पन्नास घोडे वहीत झाले, तारीख, भाव आणि निकालासकट, की वही उलटून बघा. तोवर पाकीट मागच्या खिशात राहू दे. आणि येताना कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं नसेल तर शेवटच्या रेसच्या आधी निघा.